आपोआप चढणारी काच

"तुम्ही आले की कशी शहाण्यासारखी चालते पाहा." हे वाक्य मी जन्मभर इतकं ऐकलं की दुकान बंद करून घरी बसलो, तरी अजून कानात घुमतं. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात बिघडते, माझ्यापुढं सुधारते आणि माझी पाठ वळली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं पाहतं आणि मी गाडीकडे.

यवतमाळला माझं बॅटरीचं दुकान होतं. 'मोटारींची सर्व इलेक्ट्रिक कामे' अशी पाटी मी हौसेनं रंगवून घेतली होती, पण गाव मला बॅटरीवालाच म्हणायचं. मोटारी मोजक्या आणि रेडिओच्या बॅट्र्या मात्र घरोघरच्या चार्जिंगला यायच्या, त्याला गाव तरी काय करणार? नवख्या माणसाला आमचं काम थोडक्यात सांगतो. इंजिन बिघडलं तर ते बोंबलून सांगतं, धूर सोडतं, तेल गळतं. वीज बिघडली तर ती मुकाट बसते. पूर्ण तुटलेली तार सापडायला सोपी. कधी जोडलेली आणि कधी सुटलेली तार मात्र माणसाचा जीव घेते.

त्यातून मी उतावळा. जेवतानाही माझा गुडघा हलायचा आणि आई पाठीत धपाटा घालायची. अशा माणसानं खरं तर हा धंदा करू नये, कारण दडलेला बिघाड सापडायला गाडीपाशी वाट पाहत बसावं लागतं. मी गाडीभोवती येरझारा घालत वाट पाहायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्तरी प्रदक्षिणा घालतो आहे.

एका वकिलाच्या गाडीचा हॉर्न फक्त डावीकडे वळताना आपोआप वाजायचा. कोर्टाचं फाटक डावीकडेच. वकीलसाहेब लोकांना सांगत, माझी गाडी न्यायदेवतेला सलाम करते. मी तार बदलली, तेव्हा त्यांना वाईटच वाटलं. एका ठेकेदाराच्या गाडीचे दिवे बायको बसली की विझायचे. सीटखालची तार वजनानं दबत होती. ती बाई समोर उभी असताना कारण काय सांगणार? तार कच्ची होती म्हणालो आणि सुटलो. त्या दिवशी मला कळलं की बिघाड शोधणं हे अर्धंच काम, तो मालकाला सांगणं हे उरलेलं अर्धं. आणि उरलेलं अर्धं कोणी शिकवत नाही.

पण सांगायची आहे ती दिग्रसच्या काचेची गोष्ट. आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या दिवसांतली.

वैशाखातल्या एका सकाळी थावरू दुकानात आला. थावरू हा दिग्रसच्या बापूसाहेबांचा ड्रायव्हर, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. एरवी फार बढाईखोर. "आमचे आजे बैलाईवर मीठ लादून मुलूख हिंडले, म्या अमेरिकेची मोटार हाकतो," असं तो चहा पिता पिता कोणालाही ऐकवायचा. त्या दिवशी त्यानं चहाला हातही लावला नाही. काच पाहायला चल, एवढंच म्हणाला.

बापूसाहेबांची दिग्रसला कापसाची जिनिंग होती. त्यांनी कुण्या संस्थानिकाची अमेरिकन मोटार जुनीच विकत घेतली होती आणि तिच्या दारांच्या काचा विजेवर चालत. हातानं फिरवायची मूठच नाही. प्रत्येक दाराला आतून एक लहानशी कळ, वर ढकलली की काच वर, खाली दाबली की खाली. आज याचं कोणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा बाजाराच्या दिवशी गाडीभोवती माणसं जमायची आणि बापूसाहेब अख्ख्या बाजाराला काचा वरखाली करून दाखवायचे.

ती हौस दिवाळीत महागात पडली. त्यांची एकुलती एक लेक सुमन मारेगावला दिलेली. पहिल्या दिवाळसणाला ती माहेरी आली आणि परत निघताना तिच्या आईनं, माईंनी, तिला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. सुमन मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसली. थावरूनं इंजिन सुरू केलं. माईंनी खिडकीतून लेकीचा हात हाती घेतला. तेवढ्यात कोणीतरी दार आपटून लावलं आणि कळीला कोणाचंही बोट लागलेलं नसताना काच सरसर वर चढली. सुमनचं मनगट काचेत सापडलं. थावरूनं चावी बंद केली, म्हणून हातावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण चुड्याच्या ठिकऱ्या झाल्या. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवशी दारात जमलेल्या बायकांपैकी एकीलाही तो शब्द सुचला नाही.

बापूसाहेबांनी नंतर अकोल्याचा एक मिस्तरी आणून काच दाखवली. त्यानं कळ शंभरदा दाबली आणि काच शंभरदा शहाण्यासारखी चालली. त्यानं निर्वाळा दिला, आणि पुढच्याच आठवड्यात काच पुन्हा आपोआप चढली. मग माईंनी सांगून टाकलं, या गाडीत मी बसणार नाही आणि माझी लेकही बसणार नाही.

आता सुमनला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर आठवा लागण्याआधी तिला आणायला हवं, कारण एकदा आठवा लागला की पोटुशीनं वेस ओलांडायची नाही. आठवा चार दिवसांवर आलेला. बसनं आणावं, तर वाटेत बस बदलत जायचं आणि रस्ता असा की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत. बापूसाहेबांचा वेगळाच हेका, दारात मोटार असताना माझी लेक बसनं येणार नाही. मारेगावहून विहीणबाईंचा निरोप होता, लेकीला खुशाल न्या, पण ज्या गाडीनं चुडा फोडला तीत माझी सून बसायची नाही.

"याडी जेवत नाई," थावरू म्हणाला. माईंना तो याडीच म्हणायचा, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "तिचं पह्यलं बाळंतपण सासरी झालतं. लेकरू वाचलं नाई. तवा तिच्यापाशी तिच्या माहेरचं एकबी माणूस नव्हतं. म्हून ते सुमनबाईले आणाले एवढी तळमळून राह्यली."

मी हत्यारांची पेटी उचलली.

दिग्रसला पोचलो तेव्हा बंगल्यावर कोणाचाच पाय ठरत नव्हता. बापूसाहेब ओसरीवर फेऱ्या मारत होते. माई माजघरातून दारापर्यंत यायच्या, गाडीकडे पाहायच्या आणि परत आत जायच्या. त्यात मी जाऊन पडलो, म्हणजे आगीत तेल. गाडी पोर्चमध्ये उभी होती. डावं मागचं दार उघडून मी आतला रेक्झिनचा पुठ्ठा सोडवला. दाराच्या पोटात एक छोटी मोटर असते, ती दात्यांचं चाक फिरवते आणि चाकाला जोडलेला लोखंडी हात काच उचलतो. तिथं पाहतो तर रुईच रुई. जिनिंगच्या आवारात वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी ती, दारात उशी भरण्याइतका कापूस निघाला. मला वाटलं, चोर सापडला. सगळं साफ केलं, तेल दिलं, बिजागरीपाशी वाकणाऱ्या तारा बोटांनी चाचपून पाहिल्या. तारा धडधाकट. चावी फिरवून कळ दाबली, काच खाली. ढकलली, काच वर. कितीदा तरी केलं. अकोल्याच्या मिस्तरीला मी मनात हसलो, आणि तोही याच जागी बसून असाच खूश झाला असेल, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

चहा आला. ऊन पोर्चमध्ये शिरलं होतं, म्हणून थावरूनं गाडी सुरू केली, निंबाच्या सावलीत नेली आणि उतरून माझं उघडं राहिलेलं मागचं दार लावलं. त्याची सवय अशी की दार लावायचं ते आपटूनच. गाडीत कोणी नव्हतं. इंजिन चालू होतं. डावी काच सावकाश, कोणीतरी आतून चढवावी तशी वर गेली आणि टोकाला जाऊन घरघरत राहिली.

थावरू दोन पावलं मागं सरला. बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. मी मात्र उठून नाचायचाच बाकी होतो. भूत दिसल्यावर आनंद होणारा तिथं मी एकटा. बिघाडानं माझ्यासमोर तोंड दाखवलं होतं, याहून मोठी कृपा आमच्या धंद्यात नाही. मागं वळून पाहिलं, तर माई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं होतं. त्या आत गेल्या, आणि माझा आनंद तिथंच ओसरला.

पण आता वाट सापडली होती. काच चढली ती दार आपटल्यावर. दिवाळीतही तसंच. मी दार आपटलं, काही नाही. पुन्हा आपटलं, नाही. आणखी एकदा आपटलं आणि काच चढली. म्हणजे मोटर, तारा सगळ्या निर्दोष, हलत होतं ते कळीच्या आत. कळीचे दोन स्क्रू काढून ती तळहातावर उलटी केली.

आत पितळेची पातळ पट्टी असते. बोट दाबलं की ती खाली टेकते आणि वीज जाते, बोट काढलं की उचलली जाते. त्या पट्टीवर लाल थर वाळून बसला होता. आणि थराखालून एक तांदळाचा दाणा घरंगळून माझ्या हातावर पडला. कुंकू लावलेला. अक्षता.

मग सगळा उलगडा झाला. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. शेतकरी पाभर पुजतो, मी माझे पाने-पक्कड पुजतो, जिनिंगवाला आपली यंत्रं. माईंचा नेम असा की यंत्राला जिथं जिथं कळ तिथं तिथं कुंकू, वर नारळाचं पाणी आणि अक्षता. गेल्या खंडेनवमीला मोटारीच्या कळींचीही पूजा झाली. एक अक्षत कळीच्या फटीतून आत गेली. तेव्हापासून तो दाणा आत मोकळा फिरत होता. दार आपटलं की उडायचा, आणि कधीमधी नेमका पट्टीला रेटा देईल असा जाऊन अडकायचा. मग बोट न लावताच काच वर. पुढच्या हिसक्यानं सुटायचा, की गाडी पुन्हा शहाणी.

मी तो दाणा हातात घेऊन उभा होतो आणि मला ठेकेदाराची बायको आठवत होती. सांगावं की सांगू नये? एकीकडे वाटत होतं, धावत जाऊन सांगावं, माई, अपशकुन नाही, भूत नाही, तांदूळ आहे. दुसरीकडे मन कचरत होतं. माझा गुडघा हलायला लागला. तेवढ्यात माईच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काय सापडलं, त्यांनी विचारलं.

"काही नाही माई, उंदरानं तार खाल्लती."

माईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "उंदीर कुंकू लावते काय?"

मी मूठ उघडली. त्यांनी दाणा चिमटीत धरला, उजेडात नेऊन पाहिला आणि पोर्चच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. उलट त्या पार खचल्या.

"हे माह्याच हातचं व्हय," त्या म्हणाल्या. "म्हंजे माह्या लेकीचा चुडा माह्याच हातानं वाढवला."

खोटं बोलून माझं हसं झालंच होतं, तेव्हा मी डोक्यात आलं ते बोलून टाकलं. "माई, ज्यानं हे कळ बनवली त्याले वाटलं, माणूस येईन, बोट लावीन अन् उतरून जाईन. मोटारीची पूजा करतेत, तिच्यावर अक्षता पडतेत, हे त्याले कोणं सांगतलं होतं? फट त्यानं ठेवली. तुमचा हात तं आशीर्वादाचा होता."

त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "दुसरा दाणा नसंन कायवरून?"

प्रश्न बिनतोड होता. मी बाकीच्या दारांच्या कळी उघडल्या आणि खरोखरच चिमूटभर तांदूळ निघाले. माईंच्या भक्तीत पक्षपात नव्हता. सगळ्या पट्ट्या घासून लख्ख केल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून फटींवर आतून बसवले आणि कळी परत लावल्या. आता झालं, म्हणालो.

माई उठल्या, मागचं दार उघडून गाडीत बसल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. मला काच अर्धी उतरवायला सांगितली आणि आपला हात काचेच्या धारेवर ठेवला, बांगड्यांसकट.

"थावरू, गाडी चालू कर. अन् दार आपट."

"नको याडी," थावरू म्हणाला.

"आपट म्हणलं ना."

थावरूचा हात उठेना. तो बापूसाहेबांकडे पाहू लागला, बापूसाहेब माझ्याकडे. आपल्या कामावर माणसाचा विश्वास किती असतो, हे त्याला स्वतःला अशाच वेळी कळतं. माझा होता, पण छाती ठोकून सांगण्याइतका नव्हता. मी पुढं झालो आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. थावरूनं डोळे मिटून दार आपटलं. काच हलली नाही. माई म्हणाल्या, पुन्हा. तो आपटत राहिला, जिनिंगमधल्या बायका काम सोडून कुंपणापाशी गोळा झाल्या, दाराच्या बिजागऱ्यांची मला काळजी वाटू लागली, तरी माईंचं पुन्हा चालूच. शेवटी त्यांनी हात काढून घेतला, बांगड्या न्याहाळल्या आणि म्हणाल्या, उद्या मारेगावले जाऊ. मिस्तरीनंबी संग चालावं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. माई त्याच खिडकीशी, हात काचेवर. खड्डा आला की त्या काचेकडे पाहायच्या आणि मी आरशातून त्यांच्याकडे. मारेगावला विहीणबाई ओट्यावरच उभ्या होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. गाडी पाहून त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. मला वाटलं, माई म्हणतील, मिस्तरीनं बिघाड काढला, काही वाकडं नव्हतं. विहिणीपुढं कमीपणा घेण्याची कोणाला हौस असते? पण माईंनी पदराच्या गाठीतून तो दाणा काढला, विहिणीच्या हातावर ठेवला आणि चारचौघांत सगळं सांगितलं. पूजा माझी, अक्षता माझ्या, चुडा फुटला तो त्यानं. गाडीवर राग धरू नका. धरायचा तर माझ्यावर धरा.

विहीणबाई कितीतरी वेळ त्या दाण्याकडे पाहत राहिल्या. सुमन दाराआड उभी होती, तिची चुळबुळ मला इकडून दिसत होती. आठवा लागायला आता फार अवकाश नव्हता. ती घडी माझ्यासारख्या उतावळ्याला फार जड गेली.

"मंग मलेबी बसवा त्या खिडकीपाशी," विहीणबाई म्हणाल्या. "करंजीवर उतरून देजा. तिथं माहा भाऊ राह्यते."

त्या करंजीपर्यंत आल्या. सुमनला मधे बसवून, स्वतः खिडकीशी, हात काचेच्या धारेवर. माई पलीकडच्या खिडकीशी सरकल्या. करंजीला उतरल्यावर विहीणबाईंनी सुनेला खिडकीशी सरकवलं, तिचा हात आपल्या हातानं काचेवर ठेवला आणि दार स्वतः आपटलं. मग थावरूला म्हणाल्या, सावकाश ने.

सुमन वेळेत घरी पोचली. श्रावणात तिला मुलगी झाली आणि मायलेकी सुखरूप राहिल्या.

त्या गाडीचं पुढं सगळ्याच जुन्या गाड्यांचं होतं तेच झालं. एकेक मोटर जळत गेली, सुटे भाग मिळेनात आणि शेवटी मीच माझ्या हातानं चारही दारांना फिरवायच्या मुठी बसवल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र हळहळ वाटली. एवढं नखरेल यंत्र पुन्हा माझ्या हाताखालून गेलं नाही.

पण त्याआधीची, सुमनला मुलगी झाली त्याच वर्षीची खंडेनवमी मी विसरलेलो नाही. बापूसाहेबांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सुमन ओसरीवर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. माई पूजेचं ताट घेऊन मोटारीपाशी गेल्या. चाकांची पूजा झाली, बॉनेटची झाली. आम्हाला वाटलं, यंदा त्या कळींच्या वाटेला जाणार नाहीत. बापूसाहेबांनी तसं हळूच सुचवूनही पाहिलं. माईंनी लक्ष दिलं नाही. डावं मागचं दार उघडलं, कळ सोडून दाराच्या खालच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. मग डाव्या हाताचा तळवा कळीवर घट्ट झाकून उजव्या हातानं अक्षता टाकल्या. दाणे त्यांच्या बांगड्यांवर वाजले आणि जमिनीवर पडले. ओसरीवरून सुमन टक लावून पाहत होती.

माई बाजूला झाल्या.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "आता आपट."